मासे निवडले बायकांनी, काझी झाले पुरुष

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे आटोपते करून:

«आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतिदिवसाचे) दिवे, सणांचे पदार्थ, मांस खारवणे, मलिद्याची (गोड पोह्या-फळांचे ताट ठेवून आभार मानण्याच्या विधीची) तयारी, समाजात कोण आजारी आहे आणि कोणाकडे डबा पाठवायचा, हे सारे त्या पाहत असत. आता ते माझ्याकडे आले आहे. मला चोवीस वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. आमच्या घरात हिब्रू सर्वांत चांगले मुलीलाच वाचता येते. सासूबाईंच्या वर्षाच्या प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये नऊच पुरुष जमले. दहावा मिळेपर्यंत आम्ही पाऊण तास थांबलो. शेवटी शेजारच्या इमारतीतला एक चौदा वर्षांचा मुलगा क्रिकेटच्या कपड्यांतच बोलावून आणला, तेव्हा कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, सुरू झाले. त्या मुलाला वाचता येत नव्हते. माझी मुलगी हे सारे उभ्याने पाहत होती. आता यजमानांचे ऑपरेशन सुखरूप पार पडले म्हणून मलिदा बोललो आहोत, तर ती म्हणते, "पोहे भिजवायला मी, आणि दहांत मोजायला तो?" मी तिला म्हटले, आपल्यात बाई घराची राणी असते. ती हसली आणि खोलीत निघून गेली. तिला काय समजावू? सक्ती करू का? खरे सांगायचे तर मी स्वतः हे प्रश्न कधी विचारलेच नाहीत.

ता. क. सासूबाईंचे मनुकांचे सरबत माझ्या हातून दोनदा आंबले.»

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिल्यांदा तुमच्या बाजूने वाचले, दुसऱ्यांदा मुलीच्या. तिसऱ्यांदा मात्र तुमच्या सासूबाईंच्या बाजूने वाचले, कारण या सगळ्या प्रकरणात त्यांचे मत कोणी विचारलेले दिसत नाही. मीही बेने इस्राएल आहे, अलिबागच्या इस्राएल आळीत वाढले, शाळेत शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे उत्तर थोडे लांबले, तर घरचीच बाई बोलते आहे असे समजा.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या दिवशी तुमच्या मुलीला जे वाटले ते योग्य होते, आणि ते योग्य होते हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. तिची आजी गेली होती. त्या आजीच्या नावाची प्रार्थना वाचता येणारी नात तिथे उभी होती, आणि सारी मंडळी अशा एका मुलाची वाट पाहत होती ज्याला ती वाचताही येत नव्हती. यात त्या मुलाचा काही दोष नाही. बिचारा खेळ सोडून आला. परंपरेने चालणाऱ्या सिनेगॉगचा नियम तेरा वर्षांवरील दहा पुरुषांचा आहे, आणि तो नियम त्या दिवशी मंडळींनी पाळला, हेही खरे. तरीही नियम समजणे ही एक गोष्ट आणि तो आपल्यावरून गेलेला अनुभवणे ही दुसरी. मुलगी दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलत होती आणि तुम्ही तिला उत्तर दिले ते पहिल्या गोष्टीचेही नव्हते. तुम्ही तिला राणीपद देऊ केले.

हे राणीपद आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. माझ्या आईलाही ते मिळाले होते. तिने ते स्वीकारले आणि पुन्हा पाटा-वरवंट्याकडे वळली. शब्बाथच्या रात्री जे सद्गुणी स्त्रीचे गीत म्हणतात, ते बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातले. ते एकदा मुलीबरोबर बसून सावकाश वाचा. त्यातली बाई सिंहासनावर बसलेली नाही. ती शेत पाहून विकत घेते, हातच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रे करून व्यापाऱ्यांना विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही आणि गरिबाकडे तिचा हात आपणहून जातो. तिचा नवरा मात्र वेशीवर वडीलधाऱ्यांत बसलेला आहे. तुमची मुलगी चाणाक्ष आहे. वेशीवर कोण बसले आहे हे तिच्या नजरेतून सुटणार नाही, आणि ते सुटावे असा प्रयत्नही तुम्ही करू नये.

आता मला जे मुळात सांगायचे आहे ते सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपल्या मूळपुरुषांची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. मी मुद्दाम म्हणते की मूळस्त्रियाही तितक्याच होत्या. त्यानंतर कित्येक पिढ्या आपल्या लोकांकडे ना तोराह (मोशेचे धर्मग्रंथ) होती, ना हिब्रू, ना सिनेगॉग. पहिले सिनेगॉग मुंबईत 1796 साली सॅम्युएल एझिकल दिवेकरांनी उभारले. त्याआधी आपल्याजवळ उरले होते ते एवढेच: शमाची (देव एकच आहे असे सांगणारी) प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारी घाणा बंद ठेवणे, ज्यामुळे गावकरी आपल्याला शनिवार तेली म्हणत, आणि खाण्यापिण्याचे नेम. या यादीतले शेवटचे कलम कोणाच्या हातात होते, हे सांगायला नको.

सणांची जुनी नावे आठवून पाहा. तिशा बेआवच्या उपासाला आपल्याकडे बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या दिवशी सोललेल्या वालांचे बिरडे होई. वल्हांडणाला (मिसरातून सुटका झाल्याच्या सणाला) अनाशी ढाकाचा सण म्हणत. अनाशी म्हणजे आंबट कालवणाचे मडके, ते त्या दिवसांत झाकून ठेवत. खिरीचा सण होता, नव्याचा सण होता. कालगणनेची पुस्तके हरवली, हिब्रू नावे विसरली गेली, पण वाल कधी भिजत घालायचे आणि मडके कधी झाकायचे हे विसरले गेले नाही. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोक कोकणात एका कडधान्याच्या नावाने टिकला आणि ते कडधान्य सोलत बसणारी बोटे बायकांची होती. मला तरी धर्म टिकवण्याची याहून मोठी कामगिरी माहीत नाही.

आणि माशांची गोष्ट. दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला (तो नक्की कधी आला याबद्दल अभ्यासकांत मोठा मतभेद आहे), तेव्हा हे लोक खरोखर इस्राएलचे की नाही याची परीक्षा त्याने घेतली, असे आपली परंपरा सांगते. त्याने पुरुषांना काही प्रश्न विचारले नाहीत. त्याने निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र करून बायकांना रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले आणि हे आम्ही खात नाही असे सांगितले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन पुरुषांना निवडून शिकवले आणि ते समाजाचे काझी, म्हणजे धर्मकार्य चालवणारे, झाले.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिच्या दोन टोकांमधली विसंगती मला चाळिशीत दिसली. परीक्षेला बसल्या बायका आणि प्रमाणपत्र मिळाले पुरुषांना. तुमच्या मुलीला ही विसंगती चोविसाव्या वर्षी, सिनेगॉगच्या दारात दिसली, इतकाच काय तो फरक. तुम्ही तिला सांगता की घरातले काम मोठे आहे, आणि ते खरेच आहे. ती विचारते की काम मोठे असेल तर मोजणीत ते येत का नाही, आणि तेही खरे आहे. पहिले सत्य दुसऱ्या सत्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले की मुली हसतात आणि खोलीत निघून जातात.

जुने सगळेच सोन्याचे होते असेही तिला भासवू नका. धर्मशास्त्राप्रमाणे विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नसतानाही आपल्या समाजाने शेजारच्यांचे पाहून तो टाळला. सवत येणेही जुन्या काळी अगदीच अपूर्व नव्हते. चांगले तेवढे आपले आणि वाईट तेवढे आजूबाजूच्यांचे, असा हिशेब मांडता येत नाही. मंगळसूत्र आणि मेंदी जिथून आली, तिथूनच हेही आले.

आता व्यवहाराचे. शास्त्र कुठे अडवते आणि केवळ सवय कुठे अडवते, हे आधी वेगळे काढा, कारण आपल्या घरांत दोन्ही एकाच आवाजात बोलतात. कद्दीश, जाहीर तोराह-वाचन, कदुशा (देवाच्या पावित्र्याचा समूहाने करायचा उच्चार) यांना मिन्यान, म्हणजे दहा पुरुषांची उपस्थिती, लागते. परंपरेने चालणाऱ्या मंडळीत तिथे आज तुम्हाला किंवा मला फारसे काही करता येणार नाही. पण शब्बाथचा किद्दुश, म्हणजे द्राक्षारसाच्या किंवा मनुकांच्या सरबताच्या पेल्यावरचे आशीर्वचन? किद्दुश स्त्रीवर पुरुषाइतकाच बंधनकारक आहे असे तल्मूद या आपल्या प्राचीन शास्त्रग्रंथातच स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे घरी स्त्रीने तो म्हणण्यात नियमभंग नाही. एस्तेरचे पुस्तक ऐकण्याचे बंधनही दोघांवर सारखेच आहे. तीन स्त्रिया एकत्र जेवल्या तर जेवणानंतरच्या प्रार्थनेचे आमंत्रण त्या आपापसांत देऊ शकतात. हे आपल्याकडे क्वचितच कोणी शिकवते. सवय अशी पडली आहे की घरातला पुरुष पेला उचलेपर्यंत सगळे गप्प बसतात, मग त्याला अर्धे शब्द येत नसले तरी.

मलिद्याचेही तसेच. ताट डोळ्यांपुढे आणा: भिजवून मऊ केलेले पोहे, त्यात साखर किंवा गूळ, खवलेला नारळ, वेलची, मनुका-बदाम, भोवती खजूर, केळी आणि इतर फळे, आणि वास घेण्यासाठी सब्जाची डहाळी. झाडाच्या फळासाठी एक बेराखा (आशीर्वचन), जमिनीतून येणाऱ्या फळासाठी दुसरी, धान्यासाठी तिसरी, सुगंधासाठी आणखी एक. यांतल्या एकाही आशीर्वचनाला दहा माणसे लागत नाहीत. खाण्यापूर्वीचे आशीर्वचन एकट्या माणसानेही म्हणायचे असते. दहा पुरुष आणि हझान (प्रार्थना चालवणारे) बोलावून मलिदा करणे ही आपली शोभेची आणि आदराची रीत आहे, ती मला प्रियही आहे. पण नवस तुमच्या यजमानांच्या प्रकृतीचा आहे, एलियाहू हनाबीचे (एलिया संदेष्ट्याचे) नाव घेऊन आभार मानायचे आहेत तुमच्या घराने. मुलीने त्या बेराखा म्हणाव्यात असे मी सुचवते. त्याआधी तुमच्या हझानांना साधा फोन करून विचारा, "आमची मुलगी ताटावरच्या बेराखा म्हणेल, तुम्ही एलियाहूचे गीत आणि बाकीचे पाहाल ना?" प्रसंगाच्या दिवशी सर्वांसमोर त्यांना कोंडीत पकडू नका. विचारणा आधी झाली की बहुतेक माणसे हो म्हणतात; नाही म्हणाले तर कारण विचारा आणि ते कारण शास्त्राचे आहे की सवयीचे, हे मुलीला स्वतः ऐकू द्या.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळू. सबंध पत्रात त्यांचे वय सोडून दुसरे काही नाही, हे माझ्या लक्षात आले. पोहे त्यांनी भिजवावेत. मांस खारवणेही त्यांनी शिकावे: अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ सर्व बाजूंनी चोळून तासभर तिरक्या फळीवर, म्हणजे रक्त निथळते, आणि नंतर तीन वेळा धुणे. यात असे एकही पाऊल नाही ज्याला स्त्रीचा हात लागतो. शास्त्राचा आधार हवा असेल तर तल्मूदमधला रावा हा थोर पंडित शब्बाथसाठी मासा स्वतः खारवत असे, ही नोंद त्यांना दाखवा. स्त्रियांची म्हणून जी तीन व्रते सांगितली जातात, ती म्हणजे शब्बाथचा दिवा, कणकेतला पहिला गोळा बाजूला काढणे आणि मासिक पाळीचे नेम. त्यांत भांडी घासणे कुठेही नाही. दिवा मुलीकडेच राहू द्या, तिला हवा असेल तर. दिवा लावणे हा हक्क आहे आणि स्वयंपाकघर आवरणे हे काम आहे. या दोहोंची आपल्याकडे इतकी सरमिसळ झाली आहे की कामाला कंटाळलेल्या मुली हक्कही टाकून देतात.

सक्ती करू का, असे तुम्ही विचारता. नको. सक्तीने लावलेला दिवा सासरी किंवा परदेशी गेल्यावर पहिल्या शुक्रवारीच विझतो, हे मी माझ्याच नात्यात पाहिले आहे. त्याऐवजी तिला घराबाहेरच्या आपल्या बायकांची ओळख करून द्या, कारण सासूबाईंच्या डब्यांचा मार्ग पुढे तिकडेच गेला आहे. डॉक्टर जेरुशा झिराड सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तुमच्या मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1925 आहे. लंडनमध्ये लिली माँटेग्यू या बाईंचे उदारमतवादी ज्यू कार्य त्यांनी जवळून पाहिले होते, आणि त्या वर्षी मुंबईत तशाच विचाराची ज्युइश रिलिजस युनियन त्यांनी सुरू केली. त्यातून पुढे आलेल्या रोदेफ शालोम मंडळीत स्त्री-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करतात. रिबेका रुबेन 1905 मध्ये मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि पुढे 1922 पासून त्यांनी माझगावच्या आपल्या समाजाच्या शाळेची धुरा वर्षानुवर्षे वाहिली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये सुरू केलेली हीच ती शाळा, पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेलेली. आपल्या कित्येक घरांतल्या मुली परिचारिका, शिक्षिका आणि टंकलेखिका म्हणून इतरांच्या आधी नोकरीला लागल्या, ते अशा बायकांना पाहूनच. मराठी कीर्तने बायकांच्या वह्यांतून आणि गळ्यांतून इस्राएलपर्यंत पोहोचली. तुमच्या मुलीने बायकांच्या वरच्या गॅलरीत बसावे की खाली पुरुषांबरोबर, हा वाद नवा नाही आणि तो परक्यांकडून उसना आणलेलाही नाही. आपल्याच एका बाईने शंभर वर्षांपूर्वी त्यावर स्वतःचे उत्तर देऊन ठेवले आहे. ते उत्तर सगळ्यांना मान्य झाले नाही, आजही नाही. मी स्वतः जुन्याच सिनेगॉगमध्ये जाते आणि वरच बसते. पण वर बसून खाली काय चुकते आहे ते दिसते, आणि दिसले की मी विश्वस्तांना पत्र लिहिते. आजवर चार लिहिली. दोनांना उत्तरे आली.

तुम्हीही एक लिहा. त्यात मिन्यानचा नियम बदला असे लिहू नका. ते पत्र फायलीत जाईल. असे लिहा की वर्षाच्या प्रार्थनेला येणाऱ्या कुटुंबाला आदल्या दिवशी माणसे मोजून कळवावीत, दहा होत नसतील तर मिन्यानशिवाय म्हणता येतील अशी स्तोत्रे आणि तोराहचा भाग कुटुंबातल्या कोणीही, मुलीने किंवा सुनेने, म्हणावा अशी सोय असावी. मंडळी इस्राएलला निघून गेल्यापासून माणसे कमी पडणे हे दर महिन्याचे झाले आहे, तेव्हा ही विनंती कोणाला उपरी वाटणार नाही.

आणि तुमचे ते शेवटून दुसरे वाक्य, की तुम्ही स्वतः हे प्रश्न कधी विचारलेच नाहीत. माझ्या मते सबंध पत्र त्या वाक्यासाठी लिहिलेले आहे. सासूबाईंचे सारे काम वर्षभरात एकट्याने उचलून तुम्ही थकला आहात, आणि मुलगी नाही म्हणते तेव्हा रागाइतकाच हेवाही वाटतो, असे मला ओळींमधून दिसले. चुकत असेन तर क्षमा करा. सासूबाईंनी ते काम तीस-चाळीस वर्षांत एकेक करून अंगावर घेतले असेल. तुमच्यावर ते एका दिवसात पडले. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा घरीच झाला पाहिजे असे नाही. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाच्या दुधात हात दुखेपर्यंत घोटण्यात जे समाधान आहे ते मला माहीत आहे, पण यंदा एखाद्या नातेवाईक बाईकडून वाटीभर मागून आणा. डब्यांची यादी मात्र सोडू नका. ती यादी मुलीच्या हाती द्या, पण डबे करायला म्हणून नव्हे. कोण एकटे आहे, कोणाची मुले परदेशी आहेत, कोणाकडे आठवड्यातून एकदा जायला हवे, हे तिने ठरवावे आणि घरातल्या प्रत्येकाला, भावालाही, काम वाटून द्यावे. सासूबाईंकडे जी सत्ता होती ती या यादीत होती, पातेल्यात नव्हती, आणि त्यांचे मत विचारता आले असते तर त्यांनीही हेच सांगितले असते असा माझा अंदाज आहे.

सरबताचे उत्तर राहिले. तुम्ही मनुका भिजवून ते पाणी गुरुवारीच उकळून गाळून ठेवत असाल, म्हणून ते आंबते. आपल्या हवेत ते रात्रभर बाहेर टिकत नाही. बिया असलेल्या काळ्या मनुका वाटीभर घ्या, गुरुवारी रात्री स्वच्छ धुऊन कोमट पाण्यात भिजत घाला, शुक्रवारी दुपारी त्याच पाण्यात उकळून हाताने कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. धातूच्या भांड्यात ठेवू नका, काचेच्या बाटलीत ओतून फ्रिजमध्ये ठेवा. आणि दिवे लागायच्या आधी, किद्दुशचा पेला या शुक्रवारी कोण उचलणार, ते घरात बोलून ठेवा.

तुमची,
सदरलेखिका